गेनाचा भोंगा

दोलना क्रुशा गावाच्या चौकात, नगरपालिकेच्या जुन्या कचेरीवर एक कर्णा आहे. तसेच आणखी चार कर्णे गावभर खांबांवर टांगलेले आहेत. सगळं गाव त्याला भोंगा म्हणतं. कोंबड्यांची गाडी आली, डॉक्टर येणार, वीज जाणार, कुणाची गाढवीण सुटली, सगळं भोंग्यावरून कळतं. आणि गेली कित्येक वर्षं ते सांगायचं काम गेनाचं.

गेना मूळची वेल्समधली. खरं नाव ग्वेनलियन, पण ते उच्चारताना पोस्टमनची जीभ अडखळली आणि पहिल्याच आठवड्यात तिची गेना झाली. नवऱ्यासोबत आली, द्राक्षांचा मांडव असलेलं घर घेतलं. नवरा इथल्याच मातीत गेला, ती राहिली. भोंग्याचं काम तिच्याकडे कसं आलं, तर गावातलं कुणीही बोललं तरी अर्धं गाव खिडक्या लावून घ्यायचं. कुणाचं बांधावरून भांडण, कुणाचं लग्नातल्या मानपानावरून. गेनाचं कुणाशीच वाकडं नव्हतं, कारण भांडणं जोरात होती त्या वर्षांत तिला भाषाच येत नव्हती.

ती बोलायची मात्र भलतीच. लिंगवचनाची दाणादाण, आणि मध्येच स्वतःचं मत. "मित्रांनो, मी गेना. कोंबड्यांची गाडी आली आहे. कोंबड्या बारीक आहेत." "रविवारी निवडणूक आहे. हो, परत." "गुरुवारी डॉक्टर येणार. मागच्या वेळीही गुरुवारच म्हणाले होते." परवा परवा तर, "नव्या वर्षापासून आपल्याकडे युरो येतोय. गादीखालच्या लेव्हच्या जुन्या नोटा बाहेर काढा. मिंचोकाका, तुम्हालाच म्हणतेय." मिंचोकाका दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी बँकेत गेले.

मग सप्टेंबरात नवा महापौर प्लामेन आला. पोरगा चांगला होता, त्यात वाद नाही. शहरात शिकलेला, सगळ्यांशी गोड. तो केकचा डबा घेऊन गेनाच्या अंगणात आला आणि म्हणाला, "गेनामावशी, तुम्ही फार कष्ट घेतलेत. आता आराम करा. शहरातून यंत्र बसवताहेत. लिहून दिलं की आपोआप बोलतं. एकदम शुद्ध."

"शुद्ध," गेना म्हणाली.

"एकदम."

तिने केक घेतला, आभार मानले, त्याला फाटकापर्यंत सोडलं. मग आत येऊन खुर्चीत बसली ती बसलीच. पगार तर कधी नव्हताच. पण रोज सकाळी भोंग्याचं लाल बटण दाबताना ती परदेशीण नसायची. आता ती पुन्हा मांडववाल्या घरातली परदेशीण झाली. फार लागलं तिला ते.

दोनच दिवसांनी यंत्र बोललं. बाईचा आवाज, गोड, घोटीव. "सन्माननीय नागरिकहो, जलवाहिनीच्या दुरुस्तीकरिता उद्या सकाळी पाणीपुरवठा अल्पकाळ खंडित राहील. काळजीचे कोणतेही कारण नाही."

चौकातल्या बाकावर मिंचोकाका सूर्यफुलाच्या बिया सोलत होते. त्यांचा हात थांबला. "काळजीचं कारण नाही म्हणतेय," ते शेजारच्याला म्हणाले. "चेर्नोबिलच्या साली हेच म्हणाले होते. याच भोंग्यावरून, असंच गोड. आणि आपण परसातला तो विषारी पाला पोटभर खाल्ला."

झालं. सगळं गाव उठलं. घराघरांतून नळांना नळ्या लागल्या. बादल्या, पिंपं, वाइनचे बुधले, आंघोळीचे टब, मिळेल त्यात पाणी. कुणी दुकानातलं मीठ संपवलं, कुणी मेणबत्त्या. मीठ कशाला, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

गेनाच्या अंगणात मात्र ल्युतेनित्साचा दिवस होता. मिरच्या भाजून सोललेल्या, टोमॅटो चिरलेले, चुलीवर मोठी कढई. वर्षभराचा तो ठेचा दिवसभर आटवायचा आणि सतत ढवळायचा. कुंपणापलीकडे तिची शेजारीण दोब्रा नातवंडांच्या जुन्या पाळण्यात प्लास्टिक अंथरून पाणी भरत होती.

"अगं, पाळण्यात?" गेना म्हणाली. "तासाभराचं काम असेल. सांगितलं ना त्यांनी."

दोब्राने कमरेवर हात ठेवले. "इतकी वर्षं झाली, पण तू परदेशीण ती परदेशीणच. कुणी नीट बोललं की लगेच विश्वास ठेवतेस."

गेना कढईत डोकं घालून ढवळत राहिली. आधीच दुखऱ्या जागी नेमकं बोट लागलं होतं.

संध्याकाळी नळ फुसफुसले आणि गप्प झाले. दुरुस्ती अजून सुरूही झाली नव्हती, गावानेच टेकडीवरची टाकी रिकामी केली होती. गावात पाण्याचा थेंब नसलेलं एकच घर होतं, आणि बरण्या धुवायच्या राहिलेलं घरही तेच. दोब्राने काही न बोलता कुंपणावरून दोन बादल्या दिल्या. त्या न बोलण्यातही ती बरंच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाइप दुरुस्त झाला, पण रिकाम्या टाकीत पाणी चढेना. थोडं चढलं की कुठेतरी कुणीतरी उरलेला पेला भरून घ्यायचा. यंत्र दर तासाला सांगत होतं, "पाणीपुरवठा सुरळीत आहे. कृपया नळ बंद ठेवावेत." ते ऐकून लोक नळ आणखी जोरात उघडत. दुपारी चौकात गर्दी जमली. प्लामेनने हात जोडले, समजावलं, शहरातून इंजिनिअर आणून उभा केला. इंजिनिअरही शुद्धच बोलला. मग तर उरलेल्यांनीही घरी जाऊन नळ उघडले.

प्लामेन पळत गेनाच्या अंगणात आला. या वेळी केक नव्हता.

"मावशी, चला. तुम्ही सांगितलंत तरच ऐकतील."

"कढई सोडून कशी येऊ?" गेना म्हणाली. आज दुसरा घाणा होता. "ढवळायचं थांबलं की खाली लागतं."

"मी ढवळतो."

"तू?" दोब्रा कुंपणापलीकडून म्हणाली. "थांब, मी येते. महापौर करपवतोय की काय ते बघायला हवं."

गेनाने लांब लाकडी दांडा त्याच्या हाती दिला, हात पुसले आणि निघाली. चालताना तिला जाणवलं की आपण भराभर चाललोय, लहान मुलगी जत्रेला निघावी तसं. रागावलेलं राहायचं तिने ठरवलं होतं, पण जमेना.

कचेरीत इंजिनिअर माइकजवळ उभा होता. "बाई, असं सांगा. चार वाजता पाणी येईल. काळजीचं कारण नाही."

गेनाने त्याच्याकडे पाहिलं. वरून खाली. नेहमीसारखी खाकरली आणि बटण दाबलं.

"मित्रांनो, मी गेना." चौकातली डोकी भोंग्याकडे वळली. "तुम्हीच काल टाकी रिकामी केली. गाढव आहात. आता नळ बंद करा, म्हणजे ती भरेल. ज्याच्याकडे पिंप आहे त्याने शेजाऱ्याला द्यावं. दोब्राकडे पाळणाभर आहे. इंजिनिअर म्हणतो, पाणी चार वाजता येईल." तिने इंजिनिअरच्या पायांकडे पाहिलं. "पण टाकीपाशी चिखल आहे आणि याचे बूट कोरे आहेत. मी सहा धरून चालले आहे."

इंजिनिअर लाल झाला. बाहेर आधी मिंचोकाका हसले, मग सगळा चौक. आणि मग, गल्लीगल्लीतून, लोक नळ बंद करायला घरी गेले. कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही.

गेना परतली तेव्हा महापौराचा सदरा कोपरापर्यंत लाल झाला होता आणि दोब्रा खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसली होती. "तळापासून," ती त्याला सांगत होती. "वरवर फिरवायला ही काय निवडणूक आहे?" मग ती गेनाकडे वळली.

"इंजिनिअरने चार सांगितलं. भोंग्यावर तूच म्हणालीस. आणि तरी तू सहा धरलेस?"

"मग काय करू?" गेना म्हणाली. "त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

दोब्रा उठली. घरात जाऊन राकियाची बाटली आणि पेले घेऊन आली, आणि पहिला पेला गेनाच्या हातात दिला.

"वेळ लागला तुला," ती म्हणाली. "पण झालीस बाई एकदाची आमच्यातली."

गेनाला फार आनंद झाला. तिने पेला रिकामा केला आणि प्लामेनला सांगितलं, "ढवळ, ढवळ. लागेल."

पाणी साडेसहाला आलं.