जनीनं निवडलेला पलंग

विचुंब्यात कुणाच्या पोरीचं लगीन ठरलं, की आंदणाची गादी बघायला जनीला पनवेलला घेऊन जात. दुकानात शिरली की ती पदर खोचायची आणि गादीत मूठ रुतवायची. मूठ काढल्यावर खड्डा झटकन भरला तर कापूस नवा, आळसावल्यागत वर आला तर जुनाच पिंजून भरलाय. तिच्यासमोर खोटं बोलायची दुकानदारांची टाप नव्हती.

म्हणून तिच्या नवऱ्यानं, तुळशीरामनं, दुसरी बायको करायची ठरवली तेव्हा पलंग-गादीसाठीही त्याला जनीच आठवली. पोर होत नाही म्हणून त्यानं ओवे गावची शशिकला पक्की केली होती. जमीन विकून बांधलेल्या स्लॅबच्या घरातली पंख्याची खोली तिच्यासाठी मोकळी केली, आणि जनीचं चंबूगबाळं चुलीशेजारच्या खोलीत टाकलं.

"जने, चल बाजारात. डबल बेड घ्यायचा हाय. मना त्यातलं काय कलत नाय."

"तिलाच न्या की."

"ती कालची पोर. तिला काय कलतंय?"

सवतीचं अंथरूण आपणच घालायचं! पण आपण नाही गेलो, तर ती कालची पोर दुकानात ऐटीत बसून बोट दाखवणार. ते तर त्याहून वाईट. जनी चांगलं लुगडं नेसून निघाली.

उरण नाक्याकडे गुरुदत्तशेठचं फर्निचरचं दुकान होतं. तुळशीरामनं आत शिरल्या शिरल्या सनमायकाचा भला रुंद डबल बेड धरला. त्याच्या डोक्याशी आरसा होता. हा चाळिशीचा बाप्या त्यावर बसून पोरासारखा उड्या मारून बघायला लागला.

"आरसा आवडंल तिला," तो म्हणाला, आणि गालात हसला.

लगीन होऊन इतकी वर्षं झाली, पण जनीला काय आवडंल हे त्यानं कधी मोठ्यानं म्हटलेलं नव्हतं. तिला त्या आरशात शशिकलाची लांब वेणी दिसली. साखरपुड्याला ती पोर हसली होती, तेव्हा तिचे दात कणसातल्या दाण्यांसारखे एका ओळीत होते. तेवढ्यावरूनच जनीला ती डोळ्यांसमोर नको झाली होती.

"तू गादी बघ, मी टेंपो आनतो," म्हणून तुळशीराम बाहेर पडला.

जनीनं गाद्या दाबल्या. वाईटातली वाईट निवडावी असं मनात होतं, पण हात ऐकेना. एक नंबर कापसाचीच गादी निघाली. मग ती कोपऱ्यातल्या अरुंद पलंगांपाशी जाऊन उभी राहिली.

"शेठ, डबल नको. हे सुटे दोन द्या. गाद्या त्याच कापसाच्या, ह्यांच्या मापाच्या."

"अहो जनीबाई, मालकांनी डबल सांगितलाय. हे जोडून लावले तरी मधे फट राहणार. माणूस फटीत जाईल."

"जाऊ दे."

"आणि हे एकट्याच्या मापाचे आहेत."

"एकट्याच्याच मापाचे पायजेत."

टेंपोत चढवताना पलंग उभे करून ताडपत्रीखाली बांधले होते. तुळशीराम ड्रायव्हरशी गप्पा हाणत पुढंच बसला होता; मागं काय चढलं ते त्यानं वळूनही बघितलं नाही. अंगणात ताडपत्री सुटली तेव्हा आळीतली माणसं गोळा झाली होती.

"जने, ह्यो काय प्रकार? डबल कुठं हाय?"

"दोन बायका, दोन पलंग. चुकलं काय माजं?"

माणसं फिस्सकन हसली. शेजारचा धर्मराज म्हणाला, "वयनी बरोबर बोलतंय, तुलशा. तुज्यासाठी ओटा हाय ना!"

आता पलंग परत करावा, तर पहिलीचं अंथरूण ओढलं म्हणून गाव थुंकणार. तुळशीरामनं दात खात पलंगाचं एक टोक धरलं. एक पलंग पंख्याच्या खोलीत गेला, एक चुलीशेजारी.

शशिकला घरात आली त्या रात्री जनीनं दाराला कडी घातली नाही. तेवढ्याशा पलंगावर दोघं मावणार कशी? एक कुशीवर वळलं की दुसरं खाली. चार दिवसांत बरगड्या दुखल्या की येईल मुकाट इकडं.

सकाळी तुळशीराम कामाला गेला, शशिकला नळाला गेली. जनी केरसुणी घेऊन पंख्याच्या खोलीत शिरली.

गादीवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. तिच्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. खाली फरशीवर चटई पसरली होती, आणि दोन्ही उशा एकमेकींना चिकटून पडल्या होत्या. सगळी खोली मोकळी, चटईही ऐसपैस, तरी दोघं भिंतीकडच्या एका कडेलाच निजलेली. तिथं अबोलीची फुलं चिरडली होती.

जनी पलंगावर बसली. प्लॅस्टिक चरचरलं. तेवढ्यात हंडा घेऊन शशिकला दारात आली.

"बसा बाय. निजा वाईच. मना नाय झोप येत त्याच्यावर." हंडा उतरवून ती म्हणाली, "पायजे तर तुमच्या खोलीत न्या. जोडून लावा, डबल होईल."

हे भोळेपणानं बोलली की मुद्दाम, जनीला कळेना. हंडा उचलून तिच्या डोक्यावर रिता करावा असं मात्र वाटलं.

"ती चटई उचल आधी," जनी म्हणाली. "दिवसा अंथरूण पसरून ठेवत नाय आमच्यात."

शशिकलानं चटई गुंडाळली, उशा काखेत मारल्या, आणि त्या कुठं ठेवायच्या म्हणून पलंगाकडं बघत उभी राहिली. जनी काही उठली नाही.