सर्व्हे नंबर एकेचाळीसमधला डेरा

विषय : बड्या पाहुण्यांच्या मुक्कामासाठी सरकारी डेरा उभारणे.
संदर्भ : आमच्या तहसील कचेरीतल्या मंडळींच्या आठवणी, तोंडी.

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, कचेरीत फायली साठतात तशा गोष्टीही साठतात. फरक एवढाच, की फायलींना मुदत असते. ती संपली की त्या रद्दीत जातात. गोष्टींना मुदत नाही. पेन्शनीत निघालेली चार माणसं चहाला बसली की त्या आपोआप वर येतात, आणि दर खेपेला थोड्या फुगलेल्या असतात. मी फुगवटा काढून सांगतो आहे. तरी थोडा उरलाच, तर तो मूळचा समजावा!

हैदराबाद संस्थान विलीन होऊन दोन-चार वर्षं झाली होती. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, पण माणसं हीच होती. टेंभुर्णीच्या पलीकडे एका गावी वरचे मोठे साहेब सपत्नीक तीन दिवस मुक्कामाला येणार, असा हुकूम आला. गावाचं नाव सांगत नाही; तिथले लोक मला अजून रामराम करतात. हुकमाच्या शेवटी एक ओळ होती : 'तंबूत बंगल्याची सोय असावी.'

काम पडलं दिगंबररावांवर. ते आमचे नाझर, म्हणजे कचेरीच्या सतरंजीपासून तंबूपर्यंत सगळं सामान त्यांच्या ताब्यात. माणूस नऊ वर्षं हंगामी. त्यात त्या मार्चअखेर हंगामी जागा कमी करायच्या असं ठरलेलं. तहसीलदारांनी त्यांना खोलीत बोलावलं. "साहेब खूश होऊन गेले, तर तुम्हाला कायम करायची शिफारस त्यांच्याच सहीनं करून घेतो. न्हाई झाले, तर मंग मार्च आहेच."

दिगंबररावांनी हे घरी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "नऊ वर्षांत लेखणीनं जमलं न्हाई, ते मेखा ठोकून जमणार का?"

* * *

बंगल्याची सोय म्हणजे नेमकं काय, हे आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं. मग कचेरी नेहमी करते तेच केलं. जुनी फाईल काढली! तीत निजामाच्या राज्यातल्या कुणा अंमलदाराच्या मुक्कामाची चार पानी उर्दू यादी सापडली. गालिचा, वाळ्याचे पडदे, गुलाबदाणी, पिकदाणी... मी तेव्हा कचेरीत नवा कारकून. दिगंबररावांनी ती माझ्याकडून मराठीत उतरवून घेतली आणि बजावलं, "एक कलम गाळायचं न्हाई. वरच्या लोकांना काय लागंल, ते ठरवणारे आपण कोण?"

गालिचा आणि गाद्या जालन्याच्या चंपालाल शेठनी दिल्या. वाळा टेंभुर्णीच्या बाजारात मिळाला. एका वस्तूसाठी मात्र दिगंबरराव चार दिवस बैलगाडीनं हिंडले.

साहेब आले, जीपमधून उतरले आणि त्यांनी खुशीत डेऱ्याभोवती एक फेरी मारली. मागच्या बाजूला येऊन थबकले. तिथं जमिनीत एक खांब पुरलेला आणि त्याला मनगटाएवढी जाड साखळी!

"ही कशाला?"

"हत्तीसाठी, साहेब."

"हत्ती कुठे आहे?"

दिगंबररावांनी खिशातून यादी काढली, चारही पानं बराबर पाहिली आणि म्हणाले, "हत्ती यादीत न्हाई, साहेब. फक्त साखळी आहे."

* * *

पण त्याआधी तालीम झाली, ती सांगायची राहिली.

डेरा किती वर्षं कोठारात पडून होता, देव जाणे. मेहबूबचाचा आमचे फर्राश. तंबू ठोकण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी कापड हातात धरून वास घेतला आणि मान हलवली. "ये खडा रैना भूल गया, साब. पैले याद दिलाना पडता."

म्हणून कचेरीच्याच अंगणात डेरा उभा केला. अंगण लहान, डेरा मोठा. कचेरीच्या पायऱ्या, दरवाजा, नोटीसबोर्ड, सगळं आत गेलं. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त डेरा आणि वर फडकणारी झालर!

कुंभार पिंपळगावाकडचे एक गृहस्थ आले होते नक्कल घ्यायला. ते बराच वेळ कनातीभोवती, म्हणजे डेऱ्याच्या कापडी भिंतीभोवती, फिरले. शेवटी फट धरून त्यांनी आत डोकं घातलं आणि आमच्या चपराश्याला हळूच विचारलं, "वाघ कुठंय हो?"

चपराशी बिडी विझवत म्हणाला, "अजून आले न्हाईत. अकराला येतेत."

* * *

पलंगाचा प्रश्न आला. साहेबांची उंची किती? दिगंबररावांनी रीतसर पत्र पाठवलं : 'साहेबांची उंची कळविण्याची तजवीज व्हावी.'

आठ दिवसांनी उत्तर आलं : 'सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही. साहेबांस मोजण्याचा प्रसंग अद्याप आलेला नाही.'

आता जोखीम कोण घेणार? चंपालाल शेठ म्हणाले, "नाझरसाब, फिकर कायकू? पाव्हणा लहान निघाला तर मोठ्या पलंगावर मावतो. मोठा निघाला तर लहान्यावर मावत न्हाई!" एवढं शहाणपण ऐकल्यावर दिगंबररावांनी शेठजींचे दोन पलंग एकापुढे एक जोडले.

साहेब पाच फुटांना दोन बोटं कमी निघाले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बाईसाहेब म्हणाल्या, "पलंग छान आहे हो. फक्त ह्यांना उठवायला चालत जावं लागतं."

* * *

न्हाणीच्या राहुटीत टब हवा, असं बाईसाहेबांकडून आधीच कळवण्यात आलं होतं. आख्ख्या तालुक्यात टब नव्हता. कुणी म्हणालं हौद बांधा, कुणी म्हणालं घंगाळं आणा. शेवटी दिगंबररावांनी एका रंगाऱ्याकडची भली मोठी कढई आणली. निळीची. चिंच लावून, राख लावून, विटकरीनं घासून तीन दिवस ती उजळली. चाचांनी वरून चादर बांधून तिला कमोदिनीचं फूल करून टाकलं.

साहेबांना उभ्यानं आंघोळ करायची सवय होती, हे आमचं नशीब. रंग घोट्यापर्यंतच चढला!

ते त्यांच्या ध्यानात यायच्या आत गावकरी त्यांना देवळात घेऊन गेले. पायऱ्यांशी बूट-मोजे काढले. गोरेपान साहेब आणि पावलं निळीशार! बायका थबकल्या. एका म्हातारीनं आधी पावलांकडे पाहिलं, मग गाभाऱ्याकडे पाहिलं आणि पदर पसरून सरळ पायांवर डोकं ठेवलं. मागोमाग रांगच लागली.

परत येताना साहेब गहिवरले होते. तहसीलदारांना म्हणाले, "इथली जनता फार भाविक आहे."

तहसीलदार म्हणाले, "होय साहेब. आज जरा जास्तच."

* * *

बाईसाहेबांची एक शंका होती. "तुमच्या डेऱ्याला कुलूप कसं लावतात?"

आजवर कोणी विचारलं नव्हतं. पण बंगल्याला कुलूप असतं, म्हणजे इथंही हवं! चाचांनी दाराच्या दोन्ही पडद्यांना कड्या शिवल्या. दिगंबररावांनी कचेरीच्या खजिन्याचं शेरभर वजनाचं कुलूप आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईसाहेब आत पडल्या होत्या, तेव्हा दिगंबररावांनी 'कोणी त्रास देऊ नये' म्हणून बाहेरून कुलूप घातलं. किल्ली जपून शर्टाच्या खिशात ठेवली आणि शर्ट धुवायला दिला!

चार वाजता आतून हाक आली. इकडे धावाधाव. एक धोब्याकडे पळाला, एक लोहाराकडे. दिगंबरराव दारापुढे हात जोडून उभे : "पाच मिनिटं, बाईसाहेब! किल्लीला माणूस आताच गेला, आताच येऊन राह्यला!"

तेवढ्यात मागची कनात हातभर वर झाली आणि तिच्याखालून बाईसाहेब चापूनचोपून नेसलेल्या पातळानिशी बाहेर आल्या. पदर झटकला आणि समोर उभ्या राहिल्या.

दिगंबररावांच्या तोंडून निघून गेलं, "बाईसाहेब, तिकडून न्हाई! दार इकडं आहे!"

* * *

इतकं होऊनही साहेब खूश होते. शेवटच्या सकाळी ते डेऱ्यापुढे खुर्ची टाकून बसले. तहसीलदारांनी शिफारशीचा कागद खिशातून अर्धा बाहेर काढला. दिगंबरराव खांबाआड उभे. एवढ्यात साहेबांना गावचं दप्तर पाहायची हुक्की आली.

"पटवाऱ्याला बोलवा. पाहणीचं रजिस्टर आणा."

पाहणी म्हणजे शेतोशेत फिरून कुठं काय उभं आहे आणि ते कोणी लावलं, हे लिहायचं काम. पटवारी आप्पाराव ते वीस वर्षं घरच्या झोपाळ्यावर बसून लिहीत आले होते. आदल्या साली तहसीलदारांनी त्यांना चारचौघांत झापलं होतं : "यापुढं वावरात जायचं आन् डोळ्यांना दिसंल तेच लिहायचं. अक्कल चालवायची न्हाई!" आप्पारावांनी ते मनाला लावून घेतलं. यंदा ते खरोखरच वावरा-वावरात गेले. सर्व्हे नंबर एकेचाळीसमध्ये गेले, तेव्हा आमचा डेरा उभा राहत होता.

साहेब मोठ्यानं वाचू लागले.

"सर्व्हे नंबर एकेचाळीस. मालक, नारायण पाटील. उभे पीक : डेरा मोठा एक, लहान दोन. पिकाची स्थिती : उत्तम. पाणी : घागरीने. कसणारा : दिगंबरराव नाझर, हंगामी."

तहसीलदारांचा कागद परत खिशात गेला.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"हुजूर, दिसलं ते लिहिलं," आप्पाराव म्हणाले. "डोकं बिलकुल चालवलं न्हाई."

"आणि कसणारे हे कसे?"

"मी इचारलं की त्यांना. म्हणलं, नाझरसाहेब, हे कोणी लावलं? ते म्हणले, मी."

साहेबांनी दिगंबररावांकडे पाहिलं. दिगंबरराव खांबाआडून पुढे आले. "साहेब, मी मेख ठोकून राह्यलो होतो. खरं ते सांगितलं."

साहेब हसायला लागले. खुर्ची हलली, मागचा खांब हलला, डोळ्यांना पाणी आलं. तसेच हसत त्यांनी रजिस्टरवर शेरा मारला : 'नोंदी प्रत्यक्ष पाहून केलेल्या आहेत. समाधानकारक.' खाली सही केली. हात चालू होता, तोवर तहसीलदारांनी शिफारशीचा कागद पुढे सरकवला. त्यावरही सही झाली! जीप गेली. दिगंबररावांनी कचेरीत पेढे वाटले.

महिन्याभरानं शिफारस परत आली. सोबत विचारणा : 'मंजूर रजिस्टरवरून अर्जदार हे सर्व्हे नंबर एकेचाळीसचे कसणारे दिसतात. सरकारी नोकरास शेती कसण्याची परवानगी होती काय? खुलासा व्हावा.'

कुळकायदा तेव्हा नवा होता. नारायण पाटील तावातावानं कचेरीत आले. "नाझरसाहेब, पाव्हण्यासाठी तीन दिवस वावर दिलं. तुम्ही तर कूळ होऊन बसला की!"

दिगंबररावांनी त्याच दिवशी अर्ज दिला, कसणारा म्हणून माझे नाव कमी व्हावे. पण मोठ्या साहेबांच्या सहीची नोंद खालच्या माणसानं खोडायची कशी? जागेवर जाऊन अहवाल द्यायचा हुकूम झाला. आप्पाराव वावरात गेले, चहूकडे पाहिलं आणि लिहिलं : 'डेरा दिसून येत नाही. पीक काढून नेले असावे.'

मार्च आला. ज्याच्या अर्जाची चौकशी चालू आहे, त्याची जागा कमी करता येत नाही, असं वरून कळलं. दिगंबररावांना सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. मग आणखी सहा. आम्ही मुंबई राज्यात गेलो, साहेब बदलले, तहसीलदार बदलले, मुदतवाढ येत राहिली. पाटील वावर पेरतच होते. हुरड्याच्या दिवसांत दिगंबररावांना बोलावणं पाठवत आणि बांधावरूनच ओरडत, "आलं का आमचं कूळ!"

पुढे मी त्याच कचेरीत हेडक्लार्क झालो. एके दिवशी ती फाईल माझ्याच टेबलावर आली. एका ओळीच्या शेऱ्यात निकाली निघण्यासारखी होती. मी आनंदानं दिगंबररावांना बोलावून दाखवली. त्यांनी चहा मागवला, पूर्ण प्यायले, कपबशी नीट बाजूला ठेवली आणि म्हणाले, "इतकी कामं पडलीत कचेरीत. तुम्हाला हीच फाईल कशी दिसली?"

दिगंबरराव यथावकाश हंगामी नाझर म्हणून निवृत्त झाले. नाव कमी करण्याबाबतचा त्यांचा अर्ज प्रलंबित आहे.