झुंबरच्या चार रांगा

कळंबात माझ्या आज्जीइतकी, म्हणजे अक्काबाईइतकी घट्ट वाकळ कुणी शिवत नाही आणि तिच्याइतक्या शिव्याही कुणी देत नाही. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून हातानं शिवलेलं पांघरूण म्हणजे आमची वाकळ. मी बारामतीला बँकेत असते. रविवारी कळंबला जाते ती वाकळ शिकायला.

टाका जोंधळ्याच्या दाण्याएवढा हवा. जरा मोठा पडला की म्हातारी कडाडायची, "उसव! पोत्याचं तोंड शिवतीस व्हय गं?" तीन वर्षांत मी शिवलं कमी आणि उसवलं जास्त.

मी अकरा महिन्यांची असताना आई गेली. झुंबर तिचं नाव, आज्जीची लेक. मतदान कार्डावरचा काळपट फोटो सोडला तर तिचं म्हणून माझ्याकडं काहीच नाही. कळायला लागल्यापासून आज्जीकडं मागतेय, तिचं काहीतरी दे. "काय न्हाय ऱ्हायलं," एवढंच ती म्हणायची, तेही तोंड फिरवून.

गेल्या रविवारी आज्जी दवाखान्यात गेली होती. दोरा शोधायला मी तिची पेटी उघडली, तर तळाशी एक लहानशी अर्धवट वाकळ. एका बाजूला आज्जीचे बारीक टाके आणि दुसऱ्या बाजूला बोटाच्या पेराएवढ्या टाक्यांच्या चार रांगा. बघूनच माझं डोकं फिरलं. नीट करून ठेवू, म्हातारी खूश होईल, म्हणून ब्लेड घेतलं आणि चारही रांगा उसवून टाकल्या.

आज्जी आली ती उंबऱ्यातच थांबली.

"कुणी उसवलं गं ह्ये?"

"मीच. टाके केवढे होते बघ की."

"झुंबरचे व्हते ते," असं म्हणून ती खाली बसली. "म्या तिला उसव म्हणलं व्हतं. तिनं सुई फेकली. म्हणली, माझ्या लेकराची हाय, मी माझ्या मनानं शिवंन. तवापास्नं आमी बोललोच न्हाय. पंधरा दिसांत तापानं गेली. कुठल्या तोंडानं सांगू तुला?"

मग मी तिला वाट्टेल ते बोलले. जन्मभर जे मागत होते ते हिनं दाबून ठेवलं, आणि हाती लागलं तेव्हा ते उसवायची सवयही हिनंच लावलेली. शेजारच्या द्वारकाबाई आवाज ऐकून दारात आल्या, त्यांनाही मी घालवून दिलं.

म्हातारीनं सुईत दोरा ओवून माझ्यापुढं धरला.

"भोकं हायती अजून कापडात. त्यातनंच घाल."

खरंच होती. एकेका भोकातून सुई घालत गेले. आईचा हात कुठं वाकडा गेला, कुठं तिनं टाका मुद्दाम आणखी मोठा घेतला, सगळं कळत होतं. पहिली रांग झाली तेव्हा आज्जीनं तिच्यावरून बोट फिरवलं, "असंच व्हतं," म्हणाली आणि रडायला लागली.

मी तिची समजूत काढली नाही. तीन रांगा राहिलेली वाकळ पिशवीत घातली आणि बारामतीची एसटी धरली.