दिगंबरभाऊंचा दुसरा बॅरियर

अठ्ठावीस दिवस ड्युटी, अठ्ठावीस दिवस घर. ड्युटीवर किस्से साचत जातात. घरी येऊन मालेगावच्या स्टँडवर सांगायला घेतले, की समोरचा मध्येच विचारतो, "पण तुमी नेमकं करता काय?" ते समजावण्यात चहा थंड होतो आणि किस्सा राहून जातो. आता दिगंबरभाऊ गेले. निदान त्यांचे तरी सांगून टाकतो.

*

आधी काम ऐका. जऊळक्याच्या मामांचा फोन आला, "बोअरात मोटर अडकली. तुह्या मशीननं काढून दे!"

म्हटलं, मामा, मी राजस्थानात तेलाच्या विहिरींवर असतो. जुन्या विहिरीतला पाइप गळायला लागला, की रिळावरची लांबच लांब पोलादी नळी आत सोडायची, तळाशी तात्पुरता प्लग बसवून गॅस अडवायचा, मग वरची गळती दुरुस्त करायची.

मामा म्हणाले, "म्हंजे तेल काढाले नाही, अडवाले जाता? इतक्या दूर?"

मोटर अजून बोअरातच आहे.

*

रिठदचे दिगंबरभाऊ आमचे ऑपरेटर. ती नळी खाली-वर करायचं काम त्यांचं. "एक बॅरियर म्हंजे बॅरियरच नाही!" हा त्यांचा धर्म. गॅस अडवणारा एक प्लग बसला, तरी दुसरा बसल्याशिवाय विहिरीचं तोंड उघडू द्यायचे नाहीत.

घरीही तेच. मोटरसायकलला कुलूप, वर चाकापुढं वीट! वहिनी म्हणायच्या, "चोर आला तं वीटच घेऊन जाईन!"

*

प्लग बसला की वरून दाब देऊन अर्धा तास काटा बघत बसायचं. काटा उतरला म्हणजे प्लग गळतोय. एकदा तो केसभर उतरला. नवा इंजिनिअर म्हणाला, "चलता है, टेम्परेचर का असर है."

भाऊ म्हणाले, "साहेब, तुमी खाली जाऊन पाह्यलं का?"

प्लग वर ओढला. रबर फाटलेलं! इंजिनिअर पांढराफटक.

त्या दिवशी भाऊ छाती चोळत होते. "ॲसिडिटी हाय," म्हणाले. आम्ही सोडा आणून दिला. आज आठवलं की स्वतःची लाज वाटते.

*

पुढं दुखणं वाढलं, तेव्हा भाऊंना अकोल्याला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं. वहिनींना भाऊंनी मुद्दाम आणलं नव्हतं. बाहेर मी आणि आमचा पंपवाला रफिक. डॉक्टर हसतच बाहेर आले. मनगटातून नळी घालून स्टेंट बसवताना पेशंटनं टेबलावरून विचारलं होतं, "रीळ किती मीटरचं हाय?"

मग डॉक्टरांचं हसू गेलं. "हे सध्यापुरतं आहे. दोन महिन्यांत बायपास करावीच लागेल."

*

दोन महिने गेले, चार गेले. स्टेंटवाल्याला कंपनी परत घेते, बायपासवाल्याला नाही, असं भाऊंनी कुठून तरी ऐकलं होतं. फिल्ड सुटणं त्यांना सोसणारं नव्हतं.

रफिक भडकला. "भाऊ, तात्पुरता प्लग टाकून तुमी कधी विहीर सोडून गेलते का?"

"विहिरीले ड्युटीवर जायचं नसते, रफिक."

वर आम्हालाच शपथ घातली, "तुमच्या वहिनीले सांगू नोका." आम्ही दोघंही गप्प बसलो.

*

शेवटी हृदयाचा झटका आलाच. भाऊंच्या तेरवीला रिठदला गेलो. गर्दी ओसरल्यावर वहिनी आमच्यापुढं येऊन बसल्या.

"अकोल्याहून आले तं मले म्हणाले, आता पक्कं काम झालं. मी गावात पेढे वाटले."

ते पेढे आम्हीही खाल्ले होते.

"काल कपाटात डॉक्टरचा कागद सापडला. बायपास लिहेल हाय त्याच्यावर. तुमाले ठाऊक होतं?"

रफिकनं मान खाली घातली. मी म्हणालो, "नाही, वहिनी."

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"मंग ठीक हाय. मले वाटलं, मलेच तेवढं सांगतलं नाही."