कानाशी टॉर्च

टॉर्च चाचा कानाशी धरायचे. हात लांब करून नाही, छातीशी नाही. कानाला टेकवून, जणू आतून कोणी बोलतंय. वस्तीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. तुम्ही विजापूर रोडला राहिला असता तर तुम्हीही हसला असता. विजापूरहून सोलापूरला माल आणणारे हे ट्रक ड्रायव्हर आम्हा सगळ्यांचे चाचा. डब्याचं झाकण, सायकलचा लाल रिफ्लेक्टर, काहीही समोर टांगायचं आणि कानाशी टॉर्च धरून विचारायचं, "आता बोल, उजेड कुणाचा?"

मी तेव्हा गिरणी कामगारांसाठी पत्रकं काढायची. माझे वडील, अण्णा, गिरणीत दुसऱ्या पाळीला होते. पाळी सुटली की कामगार त्याच रस्त्याने अंधारात चालत घरी यायचे. रस्त्यावर खांब होते, दिवे नव्हते. ज्यांनी ते लावायचे, त्यांच्या बंगल्यांपुढे मात्र दोन-दोन होते.

एका मित्राने मुंबईहून एक रंग आणला, घड्याळाच्या काट्यांना असतो तसला, अंधारात हिरवा उजळणारा. मी तो कापडी पट्टीला फासला, उन्हात धरला, पांघरुणात डोकं खुपसून पाहिला आणि हरखून गेले. लगेच पत्रक छापून घेतलं: 'प्रत्येक कामगाराला उजळणारी पट्टी मिळालीच पाहिजे!' रविवारी गेटवर सभा होती, तिथे वाटायचं होतं.

चाचांनी पत्रक दोनदा वाचलं. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेने चाला, हे त्यातलं त्यांना पटलं. पट्टीपाशी अडले. सकाळी तिला ऊन दाखव, मग पाळीइतका वेळ डब्याच्या पिशवीत ठेव आणि घेऊन ये, असं सांगितलं. मी चिडूनच नेली.

उन्हं उतरायच्या आत आम्ही त्यांच्या ट्रकमध्ये चढलो. त्यांनी ताडपत्री सोडली तसा आत मिट्ट काळोख झाला. एका टोकाला माझी पट्टी आणि सायकलचा रिफ्लेक्टर टांगला. पट्टी कुठे आहे हे मला हाताने चाचपावं लागलं. दुसऱ्या टोकाहून चाचांनी टॉर्च लावला. मी पट्टीशेजारी उभी. रिफ्लेक्टरही मला काळाच दिसत होता. मी म्हणाले, तुमचंही काही चमकत नाही.

"तू तितं का हुबी? ट्रक तू चालवतीस का, पुढारीणबाई? हिकडं ये."

मी गेले. त्यांनी टॉर्च माझ्या कानाशी टेकवला. समोर लाल निखारा पेटला. हात लांब केला, निखारा विझला. परत कानाशी आणला, पेटला. किती वेळा केलं कोण जाणे. ज्याच्याकडून उजेड येतो, त्याच्याच डोळ्यांकडे तो परत जात होता. शेजारच्याला पत्ताच नाही.

"तुजी पट्टी म्हंजे घरनं आणलेला डबा," ते म्हणाले. "पाळी सुटंस्तोवर संपतोय. ह्ये माजाच उजेड मला माघारी देतंय."

मी हट्टाने विचारलं, आणि बिनदिव्याचा सायकलवाला आला तर?

"मग ह्ये नुसती काच हाय. त्याला तोंडानं वरडायचं."

तरी छापलेली पत्रकं माझ्याने टाकवेनात. रविवारी तशीच वाटू, पुढच्या वेळी दुरुस्त करू, म्हणाले. चाचांनी टॉर्च विझवला. काळोखातच त्यांचा आवाज आला.

"तुज्या अण्णाला मी दोनदा चाकाखाली येता येता चुकीवलंय. बोललो न्हाई कुणाला. तिसऱ्यांदा जमंल का, म्हाईत न्हाई."

रविवारच्या आधी मी एकेका पत्रकावरचे 'उजळणारी पट्टी' हे शब्द शाईने खोडून वर 'रिफ्लेक्टर' लिहिलं, 'मिळालीच'चं 'मिळालाच' केलं. बोटं निळी झाली. गिरणीने अजून काही दिलेलं नाही, हे नोंदवून ठेवते.

अण्णांच्या डब्याच्या पिशवीला दोन्ही बाजूंनी रिफ्लेक्टर चाचांनीच शिवले. गळ्यात नको म्हणाले, गाडीचे दिवे खाली केले की माणूस गुडघ्यापाशी आधी दिसतो. पिशवी तिथेच हलते. त्यानंतर अण्णा रात्री घरी येऊन सांगायचे, आज चाचानं डिपर मारला, दिवे दोनदा मिचकावले.

मग चाचांची नजर अधू झाली. कोणी सांगायच्या आत त्यांनी ट्रकची किल्ली मालकाला दिली आणि मुलाकडे वैरागला गेले. जाताना टॉर्च मला दिला.

परवा अण्णांना आणायला मी त्या रस्त्याने गेले. समोर दिवे दिसले तशी अण्णांनी पिशवी जरा जास्तच हलवली. डिपर कोणी मारला नाही. ट्रक मात्र लांबूनच वळसा घालून गेला.