मंगलमावशींची अट

तुमच्या दुखण्याची नोंद कशाशी जोडायची, हे तुम्हाला कधी कुणी विचारलं आहे?

आमच्या वस्तीतल्या बायकांना परवा विचारलं. संशोधन करणाऱ्या एक डॉक्टर समाजमंदिरात आल्या होत्या. खडीच्या क्रशरवरची हजेरी आणि दवाखान्यातल्या नोंदी जोडल्या, तर धुळीने छाती कशी खराब होते ते सिद्ध करता येईल, असं त्या सांगत होत्या. मंगलमावशी खोकत उठल्या.

"बाई, माझं दुखणं मुकादमाला कळलं, तर तो मला कामावर ठेवील का?"

"नावं काढून नुसते आकडे ठेवू. कुणाचा आकडा कुठला, ते आम्हालाही कळणार नाही. नावांची यादी तिसऱ्याच माणसाकडे राहील."

"लिहून द्या."

डॉक्टरांनी तिथेच लिहिलं आणि वाचून दाखवलं. तेव्हा कुठे मावशी हसल्या. "आता खरं सांगते. मी आजारी पडले की माझ्या नावावर माझी जाऊ कामाला जाते."

"धूळ मी खायची आणि हजेरी हिची," जाऊ म्हणाली. सगळ्या हसल्या. मग एकेक हात वर होत गेला. आमच्याकडेही असंच चालतं म्हणे.

नुसती नावं जुळवली असती, तर कागदावर एकीची धूळ दुसरीच्या छातीत गेली असती. आता नावं काढण्याआधी डॉक्टर घरोघर जाऊन कुणाच्या नावावर खरं कोण कामाला गेलं ते विचारणार आहेत. वस्तीने आपलं खरं स्वतःच्या अटीवर दिलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

तुमच्याकडे कुणी अशी परवानगी मागायला आलं, तर नावं कुणाकडे राहतील ते विचारा, उत्तर लेखी घ्या आणि मग बेधडक हो म्हणा.