भरल्या मैदानातलं बारसं

सोलापूरच्या दवाखान्यातून धाकट्या दिरांचा फोन आला, "वहिनी, अक्का गेल्या, लिंगैक्य झाल्या," तेव्हा मी दुकानाच्या मागच्या खोलीत तूर निवडत होते. फोन ठेवला आणि पुन्हा निवडायलाच बसले. अशा वेळी माणसाला काही सुधरत नाही हेच खरं. समोरच्या रिकाम्या पाटाकडं बघून मी चक्क विचारलं, "मग आता ब्राझीलचं काय करायचं?"

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. उमरग्याच्या बाजूला, कर्नाटकाच्या हद्दीजवळ आमचं गाव. घरात भुसार मालाचं दुकान. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी अक्कांना परत पाठवलं, त्या कायमच्या माहेरी राहिल्या. त्या विषयावर त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. एरवी मात्र तोंडाला आराम नसायचा. गळा असा, की पाळणा मराठीत सुरू करायच्या आणि तिसऱ्या कडव्याला कन्नडात कधी शिरल्या ते कळायचंही नाही. आसपास कुठंही बारसं असलं की अक्कांना आवतण ठरलेलं... गाण्यापुरतं.

माझ्या महेशचं बारसं झालं तेव्हा आत्याचा मान अक्कांचा होता. आत्यानं वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करायचं, नाव सांगायचं, आणि तेवढ्यात भोवतीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. ती 'मेले गं बाई' म्हणून ओरडते, हसू उसळतं. आमच्याकडं याशिवाय बारसं झालं असं कुणी मानतच नाही. पण ऐन वेळी सासूबाईंनी चुलत नणंदेला पुढं केलं. "लेकुरवाळीचा हात लागू द्या," एवढंच बोलल्या. मी बाळंतीण, मला कोण विचारतं? राग गिळून बसले. अक्का दोन हात मागं सरकल्या आणि तिथून गायल्या. तसा पाळणा मी पुन्हा ऐकला नाही.

त्याच आठवड्यात टीव्हीवर कुण्या परदेशी गायिकेचा कार्यक्रम लागला होता. भलंमोठं मैदान, मुंगीला शिरायला जागा नाही. अक्का डोळे मोठे करून बघत होत्या. "अव्वा! एवढी माणसं बोलावली आन् कुणाला चा-पाणी न्हाय?" मग हळूच म्हणाल्या, "शोभे, आपुन घिऊ की गं असलं. बारसंच घिऊ. एवढ्या गर्दीत कोण कुणाचं, कोण इच्यारतंय?"

तिथून आमचा जगदौरा सुरू झाला, तो वर्षानुवर्षं चालला. दुपारी दुकानाची तूर निवडायला बसलो की आम्ही निघालो विमानानं. मैदानाच्या मधोमध पाळणा. त्याला खांब नाहीत, चारी कोपऱ्यांच्या दिव्यांच्या उजेडालाच तो टांगलाय, असं अक्का सांगायच्या आणि मला तो दिसायचा. फाटकावर बायांना हळदीकुंकू, गड्यांना विभूती. "गोऱ्या कपाळावर कुकू कसलं उठून दिसंल गं!" बारशाच्या घुगऱ्यांसाठी हरभरे इथंच भिजवायचे, तर जपानला पोचेपर्यंत मोड येणार. "येऊ दे, उसळ वाटू!" माझं माहेर फटाक्यांचे कारखाने असलेल्या तेरखेड्याकडचं, म्हणून दारूकाम माझ्याकडं होतं. पण बार उडवायला अक्कांनी साफ मनाई केली. "लेकरू दचकंल. भुईनळे तेवढे लाव." रिकामा पाळणा हलवायचा नसतो, म्हणून लेकरू ज्या त्या देशातलं घ्यायचं. आणि एवढ्या माणसांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले तर ती जगणार कशी? यावर आमचा लई खल झाला. शेवटी अक्कांनी तोड काढली, "ज्येनं त्येनं शेजारच्याच्या पाठीत घालावा." अख्खं मैदान एकमेकांच्या पाठीत धपाटे घालतंय आणि हसतंय... आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो होतो त्या दिवशी.

पण नाव कोण ठेवणार, इथं गाडं अडायचं.

"त्येंची आत्या असंल की. म्या आपली माईकवर."

माझं डोकंच सणकायचं. "अहो अक्का, दौरा तुमचा, मैदान तुमचं, इथं तरी नाव तुम्ही ठेवा!"

"न्हाय गं. ज्येचा मान त्येला."

स्वप्नातसुद्धा बाई दोन हात मागंच! मी सूप आपटून उठून जायची. दुसऱ्या दिवशी त्या अगदी साळसूदपणे विचारायच्या, "शोभे, आस्ट्रेलियात थंडी असती का गं?" की झालं, मी परत विमानात.

यंदा त्या आजारी पडल्या आणि बघता बघता पार वाळून गेल्या. दवाखान्यात शेवटची भेटले त्या दुपारी मी म्हटलं, "अक्का, ब्राझील राहिलंय." त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "पाळणा टांगला?"

"टांगला."

"माणसं?"

"मावेनात."

"आत्या आली का?"

मी तशी फटकळ, खोटं बोलणं मला जमत नाही. त्या दिवशी जमलं. "नाही हो आली. तिची गाडी चुकली. आता कसं करायचं?"

अक्कांनी डोळे उघडले. "मग म्याच ठिवते. लेकरू ताटकळलंय. तू गा."

माझा आवाज म्हणजे फुटकं मडकं. तरी गायले, शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. अक्कांनी पदर ओढून मला खाली वाकवलं, माझ्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाल्या, "कुर्रर्र..." पुढं नाव आलंच नाही, नुसता श्वास आला. पण चेहरा असा फुलला होता! "घाल की पाठीत," म्हणाल्या. त्या काडीएवढ्या पाठीवर माझा हात कसा उठावा? मी नुसता फिरवला. "असलं नगं. धपाटा." "उद्या घालते," म्हणाले आणि एसटीनं घरी आले. दुसऱ्या दिवशी फोनच आला.

परवा महेशच्या मुलीचं बारसं झालं. आत्या म्हणजे माझी लेक रेखा. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, तिलाही मूल नाही. तिचा आधीच फोन, "आई, चुलत ताईला बोलाव, उगीच चर्चा नको." मी म्हटलं, गपगुमान निघून ये. ती आली, पाळण्यावर वाकली, 'कुर्रर्र' केलं, नाव सांगितलं... आणि सगळ्या बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघत उभ्या. कुणाचा हात उठेना. मी पुढं झाले आणि तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. मग बाकीच्यांचे हात सुटले.

रेखा कळवळून म्हणाली, "आई, किती जोरात!"

"असू दे," म्हटलं. "तुझ्या एकटीचा नव्हता तो."